जूमला : एका मुक्त स्रोत आशय व्यवस्थापन प्रणालीचा चिकित्सक परिचय

सारांश

संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे आणि दस्तऐवज यांची निर्मिती, संपादन व प्रकाशन सुलभ करणाऱ्या मुक्त स्रोत प्रणालींमध्ये 'जूमला' ही एक महत्त्वाची प्रणाली होय. प्रस्तुत लेखात तिचा उगम, तिची अंतर्गत रचना, आवृत्त्यांचा प्रवास, सुरक्षितता आणि मराठी मजकुराच्या संदर्भातील तिची कामगिरी यांचा परामर्श घेतला आहे. मुक्त स्रोत म्हणजे विनामूल्य, असा जो समज शैक्षणिक वर्तुळात रूढ आहे तो अपुरा असून, ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांना आपले काम बरोबर घेऊन बाहेर पडता येते की नाही, हीच अशा प्रणालीची खरी कसोटी होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मुक्त स्रोत, आशय व्यवस्थापन प्रणाली, जूमला, संकेतस्थळ, युनिकोड, महाविद्यालयीन दस्तऐवज.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचे स्वरूप गेल्या दोन दशकांत पार बदलून गेले आहे. एकेकाळी प्राचार्यांचे मनोगत, इमारतीचे छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक एवढ्यावर भागत असे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. पुढे नॅकच्या २०१७ मध्ये लागू झालेल्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत स्वयं-अध्ययन अहवाल ऑनलाइन सादर होऊ लागला आणि त्यातील विधानांच्या पुष्ट्यर्थ संस्थेच्या संकेतस्थळावरील दुवे द्यावे लागू लागले. सभेचे इतिवृत्त, वार्षिक गुणवत्ता अहवाल, अभ्यासक्रमांची फलिते, विद्यार्थ्यांचे अभिप्राय हे सारे संकेतस्थळावर असणे आवश्यक ठरले. अशा रीतीने संकेतस्थळ हे संस्थेचे दप्तर बनले.

दप्तर म्हटले की ते कोण लिहितो, कोण तपासतो, कोठे ठेवतो आणि किल्ली कोणाजवळ असते, हे प्रश्न ओघानेच येतात. कागदी दप्तराच्या बाबतीत महाविद्यालयांना या प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ती क्वचितच विचारली जातात. 'आमचे संकेतस्थळ मुक्त स्रोत प्रणालीवर आहे' असे समाधानाने सांगितले जाते आणि चर्चा तेथेच थांबते. या समाधानाला कितपत आधार आहे, हे जूमलाच्या उदाहरणावरून तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

२. आशय व्यवस्थापन प्रणाली : संकल्पना

सुरुवातीच्या संकेतस्थळांत प्रत्येक पान ही एक स्वतंत्र फाइल असे. मजकूर आणि त्याचे दृश्य रूप एकाच फाइलीत परस्परांत गुंफलेले असत. शीर्षकाचा रंग बदलायचा तर शंभर पाने उघडावी लागत आणि एखादी सूचना चढवायची तर सांकेतिक भाषा जाणणाऱ्या व्यक्तीची वाट पाहावी लागे. आशय व्यवस्थापन प्रणालीने ही गुंफण सोडवली. मजकूर विदागारात, म्हणजेच डेटाबेसमध्ये, साठवला जातो. दृश्य रूप साच्यात, म्हणजेच टेम्प्लेटमध्ये, ठरवले जाते. आणि वाचकाने पान मागितले की प्रणाली त्या दोहोंची सांगड घालून पान तयार करते. त्यामुळे लिहिणाऱ्याला फक्त लिहिण्याची आणि मांडणाऱ्याला फक्त मांडणीची काळजी उरते.

या शतकाच्या आरंभी अशा अनेक मुक्त स्रोत प्रणाली उदयास आल्या. बेल्जियमच्या द्रीस बुयटार्ट यांची 'ड्रुपल' २००१ मध्ये खुली झाली. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी एका जुन्या प्रणालीच्या आधारे २००३ मध्ये 'वर्डप्रेस' आणले. याच सुमारास ऑस्ट्रेलियात 'मॅम्बो' ही प्रणाली वाढत होती आणि तिच्यातूनच जूमलाचा जन्म झाला. या सर्व प्रणाली पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेल्या असून जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली वितरित होतात. आज्ञावली कोणत्याही कारणासाठी चालवणे, तिचा अभ्यास करून ती बदलणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये हा परवाना वापरकर्त्याला देतो. बदललेली प्रत वाटणाऱ्याने तीच स्वातंत्र्ये पुढच्यालाही द्यावीत, एवढीच त्याची प्रमुख अट आहे.

३. जूमलाचा उगम : २००५ ची फूट

मेलबर्न येथील मिरो या कंपनीने २००० मध्ये मॅम्बोचे काम सुरू केले आणि २००१ मध्ये ती सार्वजनिक परवान्याखाली खुली केली. कंपनीबाहेरचे, निरनिराळ्या देशांतील विकासक तिच्यात काम करू लागले. काही वर्षांतच तिचा गाभा प्रामुख्याने या स्वयंसेवकांच्या हाताने घडू लागला. 'मॅम्बो' या नावाचे हक्क मात्र कंपनीकडेच होते. २००५ मध्ये प्रणालीच्या कारभारासाठी एक प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. त्याची घडण करताना विकासकांना विश्वासात घेतले गेले नाही आणि या रचनेमुळे मुक्त स्रोताच्या मूलभूत मूल्यांना बाधा येते, असा आक्षेप घेऊन ऑगस्ट २००५ मध्ये अँड्र्यू एडी यांच्या नेतृत्वाखालील गाभा-विकासकांचा गट बाहेर पडला.

बाहेर पडताना त्यांना नाव नेता आले नाही. पण आज्ञावली नेता आली. परवान्याने ती मुभा दिलेली होती. नव्या नावासाठी स्वाहिली भाषेतील 'जुम्ला' या शब्दाची निवड झाली. 'सर्व मिळून', 'एकत्रितपणे' असा त्याचा अर्थ. हा शब्द स्वाहिलीत अरबीतून आला आणि त्याच अरबी मुळातून तो मराठीतही आलेला आहे. जुन्या हिशेबी कागदांत एकूण बेरजेला 'जुमला' म्हणत आणि शिवकालीन सैन्यातील 'जुमलेदार' हा हुद्दा इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. सप्टेंबर २००५ मध्ये जूमलाची १.० ही पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती मूलतः मॅम्बोचीच दुरुस्त केलेली प्रत होती. प्रणालीच्या कायदेशीर व आर्थिक बाबींसाठी 'ओपन सोर्स मॅटर्स' ही ना-नफा संस्था उभी राहिली. मॅम्बो मात्र पुढील काही वर्षांत क्षीण होत गेली.

या घटनेकडे केवळ दोन गटांतील भांडण म्हणून पाहिले तर तिचे मर्म हातचे निसटते. आज्ञावलीला असा फाटा फुटणे हे एरवी दुर्दैव मानले जाते, कारण त्यात श्रम विभागले जातात. परंतु फाटा फुटण्याची शक्यता हीच मुक्त परवान्याची खरी ताकद होय, हे २००५ मध्ये दिसून आले. कारभार पटला नाही तर काम करणाऱ्यांना आपले काम बरोबर घेऊन बाहेर पडता आले. आणि बाहेर पडल्यावर ते काम त्यांनी सातत्याने चालवले, म्हणूनच ते टिकले. परवान्याने दिलेली मुभा आणि माणसांनी उचललेली जबाबदारी या दोहोंपैकी एक जरी नसते, तरी जूमला आज अस्तित्वात नसती. येथून पुढे जूमलाची जी चिकित्सा करावयाची आहे, तिच्यासाठी तिच्या जन्मातूनच मिळालेली ही कसोटी पुरेशी आहे : ज्यांच्यावर काम सोपवलेले आहे, त्यांना ते काम बरोबर घेऊन जाता येते काय?

४. अंतर्गत रचना : गुण आणि मर्यादा

जूमलाच्या गाभ्याला पाच प्रकारचे विस्तार जोडता येतात. 'कंपोनंट' पानाचा मुख्य भाग घडवतो. 'मॉड्यूल' पानाच्या कडेच्या चौकटी भरतो. 'प्लगइन' एखादी घटना घडताच पडद्याआड काम करतो. 'टेम्प्लेट' दृश्य रूप देतो. आणि 'भाषा' हा विस्तार सूचनांचा अनुवाद पुरवतो. पहिल्या आवृत्तीत प्लगइनला 'मॅम्बॉट' हे जुन्या घराण्याचे नाव होते, ते १.५ या आवृत्तीत बदलले. ही पंचविध विभागणी नवख्याला सुरुवातीस बोजड वाटते, परंतु एकदा अंगवळणी पडली की मोठ्या संकेतस्थळाची व्यवस्था लावण्यास ती फार उपयुक्त ठरते.

महाविद्यालयाच्या दृष्टीने तिचे दोन गुण विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला गुण अधिकारांच्या वाटणीचा. १.५ पर्यंत लेखक, संपादक, प्रकाशक, व्यवस्थापक अशा ठरावीक पायऱ्याच उपलब्ध होत्या. जानेवारी २०११ मधील १.६ या आवृत्तीपासून हे गट आणि त्यांचे अधिकार हवे तसे आखता येऊ लागले. त्यामुळे भूगोल विभागाने भूगोल विभागाच्याच पानांत बदल करावा, परीक्षा विभागाने फक्त परीक्षेच्या सूचना चढवाव्यात आणि प्रकाशनाची अंतिम संमती समन्वयकाने द्यावी, अशी व्यवस्था बाहेरचा कोणताही विस्तार न घेता करता येते. ऑगस्ट २०२१ मधील ४.० या आवृत्तीत मजकुराच्या मान्यतेचे टप्पे आखण्याची सोयही गाभ्यातच आली. दुसरा गुण बहुभाषिकतेचा. एकाच संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन बाजू चालवण्याची सोय १.६ पासून गाभ्यात आहे. वर्डप्रेसमध्ये याच कामासाठी वेगळा विस्तार जोडावा लागतो.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. जूमलात मेनू हा केवळ मार्गदर्शक फलक नसतो. एखादे पान कोणत्या मांडणीत दिसावे, त्याच्या कडेला कोणत्या चौकटी याव्यात, हे ते पान कोणत्या मेनूतून उघडले जाते यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. परिणामी एकच लेख दोन वाटांनी गेल्यास दोन पत्त्यांवर, दोन रूपांत दिसू शकतो; आणि मेनूतील एखादी नोंद निरुपयोगी समजून काढून टाकली की अनेक दुवे एकाच वेळी तुटतात. मूल्यांकनाच्या अहवालात जे दुवे दिलेले असतात, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट किती महागात पडेल हे सांगावयास नको.

दुसरी मर्यादा मजकुराच्या शुद्धतेची आहे. आशय आणि रूप वेगळे करणे हे या प्रणालीचे मूळ वचन. परंतु छायाचित्रमाला, तक्ते, फाइलींच्या याद्या यांसाठी वापरले जाणारे अनेक प्लगइन लेखाच्या मजकुरातच महिरपी कंसातील खुणा पेरतात. प्लगइन आहे तोवर त्या खुणांच्या जागी चित्रे दिसतात. तो काढला किंवा बंद पडला की वाचकापुढे उघडे कंस येतात. ज्या मजकुराला रूपापासून मुक्त करावयाचे होते, तो अशा रीतीने दुसऱ्याच कोणाच्या आज्ञावलीला बांधला जातो. लेख नेता येतो. पण तो धडपणे वाचता येईलच असे नाही.

५. आवृत्त्यांचा प्रवास

जानेवारी २००८ मध्ये आलेली १.५ ही आवृत्ती लोकप्रिय ठरली आणि अनेक संस्थांनी आपली संकेतस्थळे तिच्यावर उभारली. तिच्यात मजकुराची वर्गवारी 'विभाग' आणि 'वर्ग' अशा दोनच पातळ्यांवर होत असे. १.६ मध्ये विभाग ही पातळी नाहीशी झाली आणि वर्गांत उपवर्ग हवे तितके खोल करण्याची मुभा मिळाली. सुधारणा योग्यच होती. परंतु १.५ वरून १.६ वर जाण्यासाठी गाभ्यात सरळ मार्ग दिला गेला नाही. वापरकर्त्याला नवे संकेतस्थळ उभारून, बाहेरच्या साधनाने जुना मजकूर त्यात ओतावा लागे. साचे आणि विस्तार तर नव्याने शोधावे लागत. त्यातच जानेवारी २०११ मध्ये १.६, जुलै २०११ मध्ये १.७ आणि जानेवारी २०१२ मध्ये २.५ अशा आवृत्त्या एकापाठोपाठ एक आल्या आणि २०१२ मध्येच १.५ चा आधार संपला.

विकासकांच्या बाजूने पाहता ही घाई समजण्यासारखी आहे. जुन्या रचनेवर नवे इमले चढवत राहण्यापेक्षा पाया बदलणे त्यांना श्रेयस्कर वाटले. परंतु ज्या संस्थेत संकेतस्थळ सांभाळणे हे एखाद्या प्राध्यापकाच्या अध्यापनाव्यतिरिक्तचे काम असते, तिच्या दृष्टीने हा प्रकार भाडेकरूला घर बदलायला सांगण्यासारखाच झाला. २००५ मध्ये स्वतः सामानासह बाहेर पडलेल्या विकासकांनी २०११ मध्ये आपल्या वापरकर्त्यांना तशी सोय करून दिली नाही, हा आक्षेप जूमलावर घ्यावाच लागतो. पुढील काळात या चुकीतून धडा घेतलेला दिसतो. ३.१० वरून ४ वर आणि ४ वरून ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ५ वर जाण्याचा मार्ग प्रणालीच्या आतूनच दिला गेला. मात्र विस्तारांची सुसंगती पाहण्याचे काम प्रत्येक वेळी वापरकर्त्यालाच करावे लागते. ३ या मालिकेचा आधार ऑगस्ट २०२३ मध्ये संपला. आजही एखादे संकेतस्थळ तिच्यावर चालत असेल, तर ते मूळ विकासकांच्या देखभालीविना चालत आहे.

६. सुरक्षिततेचा प्रश्न

मुक्त स्रोत आज्ञावली सर्वांच्या नजरेसमोर असते, म्हणून तिच्यातील दोष लवकर सापडतात, असे म्हटले जाते. ते खरे आहे. पण सापडलेला दोष सर्वांनाच दिसतो, हेही तितकेच खरे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये जूमलात एक गंभीर दोष उघडकीस आला. १.५ पासून ३.४.५ पर्यंतच्या आवृत्त्या त्याच्या कक्षेत होत्या आणि त्याद्वारे परक्या व्यक्तीला सर्व्हरवर आपली आज्ञावली चालवता येत होती. दुरुस्ती येण्यापूर्वीच हल्ले सुरू झाले होते. विकासकांनी ३.४.६ प्रसिद्ध केली आणि आधार संपलेल्या १.५ व २.५ या आवृत्त्यांसाठीही वेगळी दुरुस्ती दिली. त्यांच्या उत्तरदायित्वाचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु दुरुस्ती प्रसिद्ध होणे आणि ती प्रत्यक्ष संकेतस्थळावर बसवली जाणे यांत जे अंतर आहे, ते कोणताही विकासक भरून काढू शकत नाही.

जुनी आवृत्ती धोक्याची आणि नवी सुरक्षित, असा सोपा निष्कर्षही काढता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आढळलेला दोष ४.० ते ४.२.७ या त्या वेळच्या नव्या आवृत्त्यांतच होता. त्यातून विदागाराच्या पासवर्डसह अंतर्गत माहिती बाहेरून वाचता येत होती, ४.२.८ मध्ये तो दूर झाला. तात्पर्य, सुरक्षितता ही एकदाच विकत घ्यावयाची वस्तू नसून नित्य करावयाचे काम आहे. ते काम हलके करण्यात जूमला मागे राहिली, हे नमूद करणे अगत्याचे आहे. किरकोळ दुरुस्त्या आपोआप बसवण्याची सोय वर्डप्रेसच्या गाभ्यात ऑक्टोबर २०१३ पासून आहे. जूमलाच्या गाभ्यात स्वयंचलित अद्ययावतीकरण आले ते ऑक्टोबर २०२५ मधील ५.४ आणि ६.० या आवृत्त्यांत, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. संकेतस्थळाची प्रत काढून ठेवण्याची सोय तर गाभ्यात नव्हतीच; तिच्यासाठी बाहेरच्या विस्तारावर विसंबण्याची रीत पडून गेली.

७. मराठी मजकूर आणि जूमला

जूमला १.५ ने मजकूर साठवण्यासाठी यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीचा पूर्ण अंगीकार केला आणि देवनागरी मजकुराला प्रणालीत हक्काची जागा मिळाली. त्यापूर्वीच्या मराठी संकेतस्थळांची अडचण आठवून पाहण्याजोगी आहे. तेव्हा मराठी मजकूर विशिष्ट टंकात टंकलिखित होत असे. अक्षरे देवनागरी दिसत; पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असत. तो टंक वाचकाच्या संगणकावर नसला की पडद्यावर रोमन चिन्हांचा निरर्थक पसारा उमटे, आणि शोधयंत्राला तर त्यातील एकही मराठी शब्द सापडत नसे. महाविद्यालयांच्या कार्यालयांत असे टंक अद्याप वापरात आहेत. अशा फाइलीतून मजकूर उचलून जूमलाच्या संपादन-चौकटीत चिकटवला की तोच पसारा पुन्हा समोर येतो. अनेकदा यावर उपाय म्हणून कागद स्कॅन करून त्याचे चित्र चढवले जाते. ते डोळ्यांना वाचता येते. पण त्यातील शब्द शोधता येत नाहीत आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचनयंत्र त्याच्यापुढे मुके होते. हा दोष प्रणालीचा नाही. परंतु प्रणाली मुक्त असली तरी मजकूर बंदिस्त राहू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

एक दोष मात्र निश्चितपणे प्रणालीचा आहे. जूमला लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता तयार करते. शीर्षक इंग्रजी असेल तर पत्त्यात ते शब्द येतात. १.५ मध्ये शीर्षक मराठी असे तेव्हा प्रणालीला त्यातून रोमन अक्षरे मिळत नसत आणि ती त्याऐवजी त्या क्षणाची तारीख व वेळ यांचे आकडे घालत असे. 'प्रवेश प्रक्रिया' या पानाचा पत्ता म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे आणि सेकंद यांची रांग! १.६ पासून युनिकोड पत्त्यांचा पर्याय आला. पण तो मूळ मांडणीत बंद ठेवलेला असतो आणि व्यवस्थापकाला तो मुद्दाम चालू करावा लागतो. मराठीला जागा आहे, पण ती मागून घ्यावी लागते, असा याचा अर्थ होतो.

८. महाविद्यालयाच्या संदर्भात कसोटी

आता मूळ कसोटी महाविद्यालयाला लावून पाहता येईल. सर्वसाधारणपणे संकेतस्थळ उभारण्याचे काम एखाद्या व्यावसायिकाकडे सोपवले जाते. डोमेन त्याच्या नावावर नोंदवले जाते, सर्व्हरवरील जागा त्याच्या खात्यातून घेतली जाते आणि सर्वोच्च व्यवस्थापकाचा पासवर्ड त्याच्याजवळच राहतो. महाविद्यालयाला मजकूर चढवण्यापुरते खाते मिळते. पुढे करार संपतो, व्यावसायिक व्यवसाय बदलतो किंवा वार्षिक शुल्कावरून मतभेद होतात. त्या वेळी लक्षात येते की, प्रणाली मुक्त आहे, संकेतस्थळ मात्र मुक्त नाही. मॅम्बोच्या विकासकांनी नाव मागे ठेवले आणि काम बरोबर नेले. येथे महाविद्यालयापाशी नाव उरते आणि काम दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहते. डोमेन गेले असेल तर नावही उरत नाही. नव्या व्यावसायिकाकडून नवे संकेतस्थळ उभारले जाते आणि आधीच्या आठ-दहा वर्षांचे अहवाल, छायाचित्रे, सूचना यांना संस्था मुकते.

यात दोष केवळ व्यावसायिकाचा मानणे न्याय्य होणार नाही. कपाटाची किल्ली कोणाजवळ असावी हे ज्या संस्थेला नेमके कळते, तिने डोमेनची किल्ली कोणाजवळ आहे हे विचारलेलेच नसते. मागितली तरी काय मागावे हेही ठाऊक नसते. जूमलाच्या बाबतीत संपूर्ण प्रत म्हणजे दोन गोष्टी : सर्व्हरवरील फाइलींचा संच आणि विदागाराची निर्यात. लेखांचा मजकूर विदागारात असतो. चित्रे आणि चढवलेले दस्तऐवज फाइलींत असतात. केवळ फाइली मिळाल्या तर संकेतस्थळाचा सांगाडा मिळतो, शब्द मिळत नाहीत. केवळ विदागार मिळाले तर शब्द मिळतात, पण ज्या अहवालांकडे ते निर्देश करतात ते मिळत नाहीत. या दोन्ही गोष्टी हाती असल्या आणि डोमेन संस्थेच्या नावावर असले, तर जूमला जाणणाऱ्या कोणाकडूनही तेच संकेतस्थळ दुसरीकडे उभे करून घेता येते. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य प्रत्यक्षात उतरते ते येथे.

म्हणून जूमला स्वीकारणाऱ्या महाविद्यालयाने किमान काही गोष्टी लेखी स्वरूपात निश्चित केल्या पाहिजेत. डोमेन आणि सर्व्हरवरील जागा संस्थेच्या अधिकृत ईमेलवर, संस्थेच्या नावाने नोंदवलेली असावी. सर्वोच्च व्यवस्थापकाचे एक खाते प्राचार्यांच्या पदाशी जोडलेले असावे. ते व्यक्तीबरोबर निवृत्त होऊ नये. फाइली आणि विदागार यांची प्रत ठरावीक काळाने काढून सर्व्हरबाहेर ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी ती उभी करून पाहावी, कारण न तपासलेली प्रत ही केवळ समजूत असते. विस्तार मोजकेच घ्यावेत आणि प्रत्येक विस्तार कशासाठी घेतला याची नोंद ठेवावी. मजकूर युनिकोडमध्येच स्वीकारावा. आणि या साऱ्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर असेल, तिच्या कार्यभारात त्या कामाची मोजदाद व्हावी. हे शेवटचे कलम सर्वांत दुर्लक्षित आहे. विनामूल्य प्रणालीचे मूल्य कोणीतरी आपल्या वेळेने चुकवतच असते. महाविद्यालयात ते बहुधा तंत्रज्ञानाची आवड असलेल्या एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याकडून, त्याच्या रविवारांतून, वसूल होते.

९. समारोप

जूमला ही सर्वच महाविद्यालयांसाठी योग्य प्रणाली आहे, असे म्हणता येणार नाही. जेथे संकेतस्थळ लहान आहे आणि सांभाळणारी एकच व्यक्ती आहे, तेथे वर्डप्रेससारखी शिकण्यास सोपी प्रणाली अधिक सोयीची ठरेल. पाने मोजकीच असतील तर साध्या फाइलींचे संकेतस्थळही पुरेल. जेथे विभाग अनेक आहेत, अधिकारांची वाटणी आवश्यक आहे, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही बाजू सांभाळावयाच्या आहेत आणि देखभालीसाठी माणूस व वेळ राखून ठेवण्याची तयारी आहे, तेथे जूमलाचे गुण तिच्या दोषांवर मात करतात. आवृत्त्यांच्या संक्रमणात तिने वापरकर्त्यांना दिलेला त्रास, सुरक्षिततेच्या सोयींत झालेला विलंब आणि मराठी पत्त्यांकडे झालेले दुर्लक्ष हे तिचे दोष नोंदवलेच पाहिजेत. तसेच आधार संपलेल्या आवृत्त्यांनाही संकटकाळी दुरुस्ती देणारी तिची बांधिलकीही नोंदवली पाहिजे.

परंतु निवड कोणत्याही प्रणालीची होवो, 'ती मुक्त आहे काय?' या प्रश्नापाशी थांबणे पुरेसे नाही. 'उद्या सांभाळणारा बदलला, तर संस्थेला आपले दप्तर घेऊन निघता येईल काय?' हा प्रश्न महाविद्यालयाने स्वतःला विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर करार करण्यापूर्वीच मिळवले पाहिजे. २००५ मध्ये काही मोजक्या विकासकांना त्याचे होकारार्थी उत्तर देता आले, म्हणून जूमला जन्माला आली. तिच्यावर आपले दप्तर सोपवणाऱ्या प्रत्येक संस्थेलाही तेच उत्तर देता यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.